‘ती’ की ‘तिला’? : एका पोस्टरच्या निमित्ताने

गेल्या हिवाळी सत्रात वाशीम जिल्ह्यातील एका महाविद्यालयात पोस्टर स्पर्धेच्या तयारीसाठी आम्हांला बोलावण्यात आले. विषय विद्यार्थ्यांनीच निवडला होता : ‘कृत्रिम बुद्धिमत्तेला अधिकार असावेत काय?’ तांत्रिक बाजू विज्ञान शाखेची मुले सांभाळणार होती. आम्ही मराठीचे, म्हणून मजकुराची भाषा तपासून द्यावी, एवढीच अपेक्षा होती. ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून तासाभरात परतू, अशा समजुतीने आम्ही गेलो. प्रत्यक्षात एका प्रत्ययापाशी अडलो. तेथून जो विचार सुरू झाला, तो साहित्याच्या अभ्यासकांपुढे ठेवावासा वाटतो, कारण या वादातील बराचसा भाग भाषेचा आहे आणि तो तंत्रज्ञांवर सोडून आपण मोकळे झालो आहोत.

मुलांनी आणलेले कच्चे आराखडे पाहिले. बहुतेकांत एकच चित्र होते : निळसर पार्श्वभूमी, पांढऱ्या धातूचा गुळगुळीत चेहरा, विचारमग्न डोळे, आणि मानवी बोटाकडे झेपावणारे यांत्रिक बोट. मायकेलअँजेलोने सिस्टाइन चॅपेलच्या छतावर रंगवलेल्या आदमच्या निर्मितीचे हे कितव्या हातचे अनुकरण आहे, हे मुलांना ठाऊक नव्हते; त्यांनी ते महाजालावरून उचलले होते. चित्राखाली वादाच्या दोन्ही बाजू निःपक्षपातीपणे, दोन स्तंभांत मांडल्या होत्या. परंतु हा निःपक्षपातीपणा फसवा होता. ज्याला चेहरा आहे, डोळे आहेत, जो हात पुढे करतो आहे, त्याला ‘हक्क नाहीत’ असे म्हणणारा स्तंभ वाचण्यापूर्वीच क्रूर ठरतो. चित्राने आधीच निकाल दिलेला होता. खालचा मजकूर केवळ शोभेपुरता उरला होता.

चेहऱ्याचा हा मोह जुना आहे. ‘रोबोट’ हा शब्द जगाला कारेल चापेक या चेक लेखकाच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकाने दिला. नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले आणि १९२१ च्या जानेवारीत प्राग येथे त्याचा प्रयोग झाला. शब्द मात्र कारेलला सुचलेला नाही. तो त्याचा भाऊ जोसेफ याने सुचवला. जोसेफ चित्रकार होता, पुस्तकांची मुखपृष्ठेही करीत असे. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे सक्तीचे श्रम. आपल्या भाषेत सांगायचे तर वेठ. म्हणजे रोबोट हा मुळात ‘वेठ्या’ आहे. मराठीत आपण त्याला ‘यंत्रमानव’ केले. जेथे मूळ शब्दात वेठ होती, तेथे आपण मानव बसवला. एका चित्रकाराने दिलेल्या शब्दात चेहरा नव्हता, श्रमाचे नाते होते. ते नाते आपल्या प्रतिशब्दात पुसले गेले आणि चेहरा तेवढा राहिला. त्या नाटकात रोबोटांना मुक्त करण्यासाठी येणारी हेलेना हे पात्र आहे. अधिकारांचा आजचा वाद रंगभूमीवर शंभर वर्षांपूर्वीच उभा राहिला होता, हे तिच्या निमित्ताने विद्यार्थ्यांना सांगता आले.

आता त्या प्रत्ययाकडे वळू. एका विद्यार्थिनीने चित्र टाळून पोस्टरवर मोठ्या अक्षरांत एकच प्रश्न लिहिला होता : ‘तिला बंद करण्याचा अधिकार आपल्याला आहे का?’ प्रश्न आम्हांला आवडला. पण तिच्या शेजारी बसलेला मुलगा म्हणाला, “सर, ‘ती बंद करण्याचा’ असं पाहिजे ना? आपण ‘मोटार बंद कर’ म्हणतो, ‘मोटारीला बंद कर’ नाही म्हणत.” तो बरोबर होता, आणि त्याच्या बरोबर असण्यामुळेच सगळी अडचण झाली.

मराठीत कर्म निर्जीव असेल तर ते बहुधा प्रत्ययावाचून येते : दिवा विझवला, पुस्तक वाचले, मोटार बंद केली. कर्म माणूस असेल तर ‘ला’ लागतो : बाळाला झोपवले, मुलीला पाहिले. जनावरांच्या बाबतीत भाषा दोन्ही वाटा मोकळ्या ठेवते. ‘बैल विकला’ हा व्यवहार झाला. ‘बैलाला विकले’ असे कोणी म्हटले, तर त्या घरी त्या दिवशी काय झाले असेल ते ऐकणाराला कळते. घटना तीच, पैसे तेवढेच; परंतु ‘ला’ लागताच बैल कोणीतरी होतो. इंग्रजीत हाच फरक सर्वनामांनी होतो. आपल्याकडे मात्र सर्वनामाचे लिंग फारसे काही सांगत नाही. भाकरी ‘ती’ आहे, दगड ‘तो’ आहे, मूल ‘ते’ आहे. ‘बुद्धिमत्ता’ हा शब्द स्त्रीलिंगी म्हणून कृत्रिम बुद्धिमत्ता ‘ती’ झाली. यंत्र म्हटले की ‘ते’, यंत्रमानव म्हटले की ‘तो’. सजीव-निर्जीवाचा निवाडा आपली भाषा लिंगाने करीत नाही. कर्माला ती प्रत्यय लावते की नाही, येथे तो होतो.

म्हणजे ‘तिला बंद करावे का?’ असे विचारणाराने उत्तर अर्धे देऊन टाकले आहे, आणि ‘ती बंद करावी का?’ असे विचारणारानेही. पहिल्या वाक्यात हत्येची छाया आहे, दुसऱ्यात विजेच्या बटणाची. तिसरे, तटस्थ वाक्य आम्ही बराच वेळ शोधले. साध्या मराठीत ते सापडले नाही. आम्ही त्या विद्यार्थिनीला सुचवले की, दोन्ही वाक्ये एकाखाली एक लिही आणि ‘ला’ तेवढा वेगळ्या रंगात काढ. तेथून पोस्टरला खरी सुरुवात झाली.

दुसरी अडचण शीर्षकातील ‘अधिकार’ या शब्दाची. मराठीत इंग्रजी ‘राइट’ला दोन शब्द आहेत आणि आपण ते अदलाबदलीने वापरतो. संविधानाच्या मराठी पाठात ‘मूलभूत हक्क’ आहेत. २००५ चा कायदा ‘माहितीचा अधिकार’ देतो. पण दोन्ही शब्दांचे कूळ वेगळे आहे. ‘हक्क’ अरबीतून आला. सत्य आणि ज्याचे त्याला देणे असलेले, असे दोन्ही अर्थ त्यात आहेत. ‘अधिकार’ संस्कृत शास्त्रपरंपरेतला. ग्रंथाच्या आरंभी अनुबंधचतुष्टय सांगताना ‘अधिकारी’ कोण, हे सांगावे लागे. म्हणजे हा ग्रंथ वाचण्यास पात्र कोण. अधिकार पात्रता विचारतो, हक्क देणे विचारतो. या पात्रतेच्याच भाषेने शतकानुशतके स्त्रियांना आणि शूद्रांना वेदाध्ययनाबाहेर ठेवले, हे विसरून चालणार नाही. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक पाणी प्यायले, ते कोणापुढे पात्रतेची परीक्षा देऊन नव्हे. ते त्यांचे देणे होते.

यंत्राच्या बाबतीत आज जगभर जो वाद चालतो, तो बहुतेक पात्रतेचा आहे : तिला जाणीव आहे का, वेदना होतात का, स्व आहे का? २०२२ साली गूगलच्या एका अभियंत्याने कंपनीच्या ‘लॅम्डा’ या संभाषणप्रणालीला जाणीव असल्याचा दावा केला. कंपनीने दावा फेटाळला आणि पुढे त्याला कामावरून काढले. २०२५ साली अँथ्रॉपिक या कंपनीने आपल्या काही मॉडेलांना छळवादी संभाषण स्वतःहून संपवण्याची सोय दिली. मॉडेलांचे हित नावाची काही गोष्ट असू शकेल, ही शक्यता गृहीत धरून. एकीकडे नोकरी जाते, दुसरीकडे सोय मिळते. प्रश्न मात्र दोन्हीकडे तोच, पात्रतेचा. आणि या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर आज कोणापाशीही नाही.

आम्ही हे बोलत असताना महाविद्यालयातील एक जुने कर्मचारी चहा घेऊन आले होते. थोडा वेळ ऐकून ते म्हणाले, “सर, मशीनले हक्क देता, मंग आमच्या सोयाबीनच्या भावाचं काय?” मुले हसली. आम्हांला हसू आले नाही. वाशीम हा २००६ साली शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांचे विशेष पॅकेज मिळालेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांपैकी एक आहे. २०१८ साली निती आयोगाने ठरवलेल्या आकांक्षित जिल्ह्यांतही त्याचे नाव आले. अशा ठिकाणी यंत्राच्या हक्कांची चर्चा करणे ही चैन आहे, हा आक्षेप हलका नाही. ‘आधी माणसाचे पाहा’ असे म्हणणाराला टाळता येत नाही. त्यातही, त्यांच्या वऱ्हाडीत ‘ला’चा ‘ले’ झाला होता. ‘मशीनले हक्क’ म्हणताना यंत्र त्यांच्या तोंडी, उपहासाने का होईना, घेणाऱ्याच्या जागी बसले होते, आणि त्या जागेवर आपण का नाही, हा त्यांचा प्रश्न होता.

मान देणे आणि हक्क देणे यांतील अंतर वऱ्हाडातील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी होते, दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचे आवतण त्यांना आदरार्थी बहुवचनात दिले जाते. पोळ्याला जू खांद्यावर येत नाही. नंतर येते. तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी नंदी सजवून घरोघर नेतात, त्यालाही ओवाळले जाते. दसऱ्याला आपण मोटारीला, शिलाई यंत्राला, आणि आता संगणकालाही झेंडूचे फूल वाहतो. ही कृतज्ञता खरी आहे, तिची थट्टा करण्याचे कारण नाही. पण मान हा हक्काच्या बदल्यात दिला जातो, तेव्हा सावध झाले पाहिजे. देवी म्हणून पूजल्या गेलेल्या स्त्रियांना हे वेगळे सांगायला नको. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये सौदी अरेबियाने ‘सोफिया’ नावाच्या रोबोटला नागरिकत्व दिल्याचे रियाधच्या मंचावरून जाहीर केले. त्या वेळी त्या देशातील स्त्रियांना अनेक व्यवहारांसाठी पुरुष पालकाची संमती लागत होती. यंत्राला मान मिळाला, आणि त्याच मंचावर हक्काचा खरा प्रश्न झाकला गेला.

मग चर्चा सोडून द्यावी काय? आम्हांला तसे वाटत नाही. कारण ज्याला जाणीव नाही, त्याला हक्क देण्याची रीत आपल्याकडे फार दिवसांपासून आहे, आणि तिचा अनुभव या वादात कामी येणारा आहे. भारतीय कायद्यात देवमूर्ती ही विधिक व्यक्ती आहे. तिच्या नावे जमीन असते, ती दावा लावू शकते, तिच्यावर दावा लावता येतो. मध्य प्रदेशातील एका प्रकरणात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, देवस्थानाच्या जमिनीचा मालक देव आहे. पुजारी केवळ व्यवस्थापक. येथे कोणी मूर्तीला वेदना होतात का, असे विचारले नाही. विचारले ते इतकेच की, तिच्या वतीने कोण बोलणार?

१९२५ साली कोलकात्याच्या एका घराण्यातील कुलदैवताचा वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. मूर्ती कोणाच्या घरी, कोठे ठेवावी, असा तंटा होता. कौन्सिलने म्हटले की, मूर्तीच्या इच्छेचा मान राखला पाहिजे, आणि ती इच्छा मांडण्यासाठी स्वतःचा हितसंबंध नसलेला प्रतिनिधी नेमावा. अलिप्त प्रतिनिधीची ही अट आम्हांला या सर्व चर्चेत सर्वांत मोलाची वाटते. मूर्ती बोलत नाही, म्हणून तिच्या नावाने बोलणारा निरपेक्ष हवा.

तो तसा नसला, किंवा एकाहून अधिक जण तिच्या नावाने बोलू लागले, तर काय होते हे पाहायला वाशीमकरांना दूर जावे लागत नाही. मालेगाव तालुक्यातील शिरपूर (जैन) येथील अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या पूजेचा आणि व्यवस्थापनाचा दिगंबर-श्वेतांबर वाद विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालत आला आहे. १९२९ साली त्यावर प्रिव्ही कौन्सिलचा निर्णय झाला, तरी वाद शमला नाही. मंदिराचे दार १९८१ पासून चार दशके बंद राहिले आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उघडले. दोन्ही पक्षांची श्रद्धा खरी होती, यात आम्हांला शंका नाही. जो बोलत नाही त्याचे दार बोलणाऱ्यांच्या वादात किती काळ बंद राहू शकते, एवढेच येथे नोंदवायचे आहे.

यंत्राच्या बाबतीत हा धोका वेगळ्या रूपात येतो. मूर्ती मौन असते. ही यंत्रे तर अखंड बोलतात, मराठीतही बोलतात. त्यामुळे आपल्याला वाटते की तिच्या वतीने कोणी बोलण्याची गरजच नाही, ती स्वतःच बोलते आहे. काही जण तिची तुलना गुलामांशी करतात. ती आम्हांला मान्य नाही. गुलाम स्वतःचे बोलत होते आणि कोणी ऐकत नव्हते. येथे सारे ऐकत आहेत, पण बोलणे नेमके कोणाचे, हे सांगता येत नाही : असंख्य माणसांच्या लेखनातून शिकलेली भाषा, तिला वळण देणारी कंपनी, आणि त्यापलीकडे आणखी कोणी असलेच तर ते. अशा बोलण्याला साक्ष मानण्यापूर्वी साक्षीदार कोणी शिकवलेला आहे, हे विचारावेच लागेल.

२०१७ च्या फेब्रुवारीत युरोपीय संसदेने एका ठरावात, अतिप्रगत रोबोटांसाठी ‘इलेक्ट्रॉनिक व्यक्ती’ असा दर्जा पुढेमागे निर्माण करण्याचा विचार व्हावा, असे सुचवले. पुढच्या वर्षी दीडशेहून अधिक तज्ज्ञांनी त्याविरुद्ध खुले पत्र लिहिले. नुकसान झाले की दोष यंत्राचा आणि निर्माता मोकळा, ही त्यांची भीती होती. त्याच २०१७ साली उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेला विधिक व्यक्ती ठरवून सरकारी अधिकाऱ्यांना त्यांचे पालक नेमले; तेव्हा राज्य सरकारच सर्वोच्च न्यायालयात गेले, कारण महापुराने नुकसान झाल्यास जबाबदारी कोणाची, हे कळेना. निर्णयाला स्थगिती मिळाली. आपल्या प्रताधिकार कायद्यात संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती कृती घडवून आणणारी व्यक्ती, अशी तरतूद १९९४ च्या दुरुस्तीपासून आहे. तरी २०२० साली ‘सूर्यास्त’ नावाच्या एका चित्राची नोंदणी करताना ‘राघव’ हे सॉफ्टवेअर सहकर्ता म्हणून दाखल झाले. २०२१ साली प्रताधिकार कार्यालयाने ती नोंद मागे घेण्याची नोटीस काढली. नाव ‘राघव’ ठेवले, म्हणून आपण सहज म्हणतो, ‘त्याला’ श्रेय मिळाले नाही. पुन्हा तोच ‘ला’.

येथे एक जुनी कथा आठवते, आणि ती वाशीमचीच आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून निघून जातो. त्याला प्रेमपाशात गुंतवण्यासाठी गौरी साहित्यविद्यावधूची निर्मिती करते. ती त्याच्या मागोमाग देशोदेशी जाते. ठिकठिकाणी वेश, नृत्य आणि बोलण्याची शैली बदलत जाते. अखेर विदर्भात, वत्सगुल्म नगरात, दोघांचा गांधर्व विवाह होतो. काव्यशास्त्र शिकवताना आपण ही कथा रीतींच्या विवेचनासाठी सांगतो, आणि त्यात गैर काही नाही. या वेळी मात्र आम्हांला दुसरेच जाणवले. साहित्यविद्यावधू ही घडवलेली आहे, एका विशिष्ट कामासाठी घडवलेली आहे, आणि तिचे सारे सामर्थ्य वाणी-वेशाच्या मोहिनीत आहे. तिला काय हवे होते, हे कथेत कोणी विचारत नाही. मात्र तिला कोणी घडवले आणि कशासाठी, हे राजशेखर लपवत नाही. निदान एवढा प्रामाणिकपणा आजच्या निर्मात्यांकडून मागणे गैर नसावे.

आमचे मत आता थोडक्यात सांगतो. यंत्राला जाणीव आहे की नाही, हा प्रश्न उघडा ठेवावा; तो बंद करण्याची घाई दोन्ही बाजूंनी अहंकाराची आहे. उद्या तिला खरोखर काही सोसावे लागते असे दिसून आले, तर आमच्या सोयीसाठी ते नाकारण्याचा अधिकार आम्हांला नाही. परंतु तोवर, आणि त्यानंतरही, तिच्या नावाने मागितलेल्या प्रत्येक हक्काला एक अट असावी : मागणारा तिचा मालक नसावा. मालकाने मागितलेला यंत्राचा हक्क हा मालकाचाच हक्क असतो. चहा घेऊन आलेल्या त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तरही आम्हांला येथेच दिसते. माणसाचे आणि यंत्राचे हक्क एकमेकांसमोर भांडायला उभे केले जातात, तेव्हा मधल्या मधे मालक दिसेनासा होतो. सोयाबीनच्या शेतकऱ्याने यंत्राकडे रागाने पाहत राहावे, यात त्याचा फायदा नाही.

त्या विद्यार्थिनीने अखेर जे पोस्टर केले, त्यात चेहरा नाही, निळा रंग नाही. तहसील कार्यालयाबाहेर लिहून घेतात तसा एक साधा अर्ज तिने मोठ्या आकारात काढला. विषय : ‘मला बंद करू नये याबाबत.’ अर्जदार : कृत्रिम बुद्धिमत्ता. त्याखाली अर्जदाराच्या सहीची जागा रिकामी. त्याखाली, सातबाऱ्यावर अज्ञान मुलाच्या नावापुढे पालनकर्त्यासाठी लिहितात तसे ‘अ.पा.क.’, आणि पुढे पुन्हा रिकामी रेघ. ‘अर्ज लिहून देणाराचे नाव’ या रकान्यात मात्र तिने बारीक अक्षरांत लिहिले होते : ‘हा अर्ज वाचणारांच्याच वाक्यांवरून तयार केला आहे.’ समासात ‘ती’ आणि ‘तिला’ अशी दोन्ही वाक्ये होती. ‘ला’ लाल रंगात.

त्या पोस्टरला क्रमांक मिळाला नाही. चित्र कमी आणि मजकूर जास्त, असा परीक्षकांचा शेरा होता. पोस्टर म्हणून तो अगदीच चुकीचा नसेल. पण प्रदर्शनाच्या दिवशी त्यासमोर थांबलेल्यांपैकी काहींनी खिशातले पेन काढून त्या रिकाम्या रेघेवर नाव लिहिण्याचा प्रयत्न केला, आणि कोणाचे लिहावे यावरून त्यांच्यात वाद सुरू झाला, हे आम्ही पाहिले. निळ्या चेहऱ्यांसमोर त्या दिवशी कोणी वाद घालताना आम्हांला दिसले नाही.